मत्स्य, कूर्म आणि नववीचा वर्ग

यामिनी देशकरला आयुष्यात फार काही नको होतं. एक फळा हवा होता, समोर तीस-चाळीस पोरं हवी होती, आणि आपण बोलत असताना त्यांनी ऐकायला हवं होतं. एवढीशी गोष्ट मिळायला तिला अमेरिकेत एकोणीस वर्षं लागली, आणि मिळाली तीही चौदा आठवड्यांपुरती.

लग्नाआधी ती वर्ध्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तेव्हा ती बोंडे होती. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, विद्यापीठात तिसरी, आणि पाठांतराची अशी पक्की की झोपेतून उठवून विचारलं तरी बेडकाच्या रक्ताभिसरणाची आकृती नावांसकट सांगेल. तिच्या नोट्स गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात आयत्या मिळायच्या. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारायचा, "बोंडे मॅडमच्या देऊ, की साध्या?"

उत्क्रांतीच्या प्रकरणावर तर तिचा हातखंडा होता. पुरावे पाच, प्रत्येकाखाली तीन ओळी, घोड्याच्या पायाची आकृती पेन्सिलने, की झाले पाचापैकी पाच गुण. आणि पोरांच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून शेवटी ती दशावतार सांगायची. आधी पाण्यातला मासा, मग पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारं कासव, मग वराह, मग अर्धा पशू नि अर्धा माणूस असा नरसिंह, मग बुटका वामन. म्हणजे बघा, आपल्या ऋषींना हे सगळं आधीच ठाऊक होतं! पोरं खूश व्हायची. तिला तिच्या मास्तरांनी असंच सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या मास्तरांनी. ह्यात काही चूक असेल असं त्यांतल्या कुणालाच कधी वाटलं नाही.

मग देवदत्तचं स्थळ आलं. तेल-वायूच्या पाइपलाइनचा इंजिनियर, अमेरिकेत शुगर लँड नावाच्या गावात घर, माणूस सरळ. ती आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे राहायची मुभा आणि कामाची बंदी. पहिली दोन वर्षं तिने इथल्या घामट उन्हाळ्याला शिव्या देण्यात काढली, पुढची आरोहीला वाढवण्यात. आरोही शाळेत जायला लागल्यावर घर सकाळी आठलाच रिकामं व्हायचं. देवदत्त म्हणायचा, "अगं, ऑनलाइन काहीतरी कोर्स कर ना." तो मनापासूनच म्हणायचा, पण एकेकाळी जिच्या नोट्सची नक्कल विकली जायची तिला हे ऐकताना काय होत असेल, ते त्याच्या ध्यानात येत नसे.

कामाचा परवाना हातात आला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी तिने शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. विषय अर्थात जीवशास्त्र.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी त्यांच्या हातात एक प्रश्नावली दिली. उत्क्रांती आणि विज्ञानाचं स्वरूप ह्यांबद्दल होऊ घातलेल्या शिक्षकांची मतं काय आहेत, हे बघायचं होतं. चाळीस विधानं, आणि प्रत्येकापुढे सहमत, असहमत, सांगता येत नाही. यामिनीने सात मिनिटांत संपवली. 'उत्क्रांती मला मान्य आहे': पूर्ण सहमत. 'सिद्धांत पुरेसा सिद्ध झाला की त्याचा नियम होतो': पूर्ण सहमत. 'शास्त्रज्ञ पुराव्यानुसार आपलं मत बदलतात': हे जरा खटकलं, कारण सिद्ध झालेलं बदलेल कसं? असहमत. शेजारी बसलेला गृहस्थ, पूर्वी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होता, तो पहिल्याच पानावर अडला होता. पृथ्वी दहा हजार वर्षांची आहे असं त्याच्या चर्चमध्ये सांगतात, त्यामुळे काय लिहावं ते त्याला कळेना. यामिनीला त्याची कीव आली. धर्मापायी बिचाऱ्याची बुद्धी गहाण पडली आहे, असं तिला वाटलं. स्वतःच्या बुद्धीबद्दल तिला तेव्हा कसलीच शंका नव्हती.

प्रश्नावली गोळा करणाऱ्या डॉ. एझेन्वा त्यांच्या पर्यवेक्षक होत्या. नायजेरियात शिकलेल्या, पन्नाशीच्या, आवाज खर्जातला. त्यांनी यामिनीचे कागद चाळले आणि इंग्रजीत विचारलं, "इतक्या लवकर?"

"पेपर सोपा होता," यामिनी म्हणाली.

"पेपर नव्हता हा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. यामिनीला वाटलं, बाई कौतुक करताहेत.

जानेवारीत प्रत्यक्ष वर्ग मिळाला. नववी, तिसरा तास, अठ्ठावीस मुलं. ज्यांच्या हाताखाली शिकवायचं त्या मिसेस हॉलोवे तीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या आणि दर रविवारी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गात होत्या. यामिनीला ह्या दोन गोष्टींची सांगड घालता येईना. त्यांची शिकवायची रीतही तिला विचित्र वाटे. बाई काही सांगतच नसत! खडकांच्या थरांची चित्रं वाटायच्या, त्यात कुठे काय सापडलं ते दाखवायच्या, आणि विचारायच्या, "आता पायवाल्या देवमाशाची हाडं शोधायची असतील, तर तुम्ही कुठल्या थरात खणाल? आणि भलत्याच थरात सापडली, तर?" पोरं अर्धा तास भांडत बसायची. यामिनी मागे उभी राहून चुळबुळ करायची. सरळ सांगून टाकावं, लिहून घ्यावं, दहा मिनिटांचं काम. घरी येऊन ती देवदत्तला म्हणायची, "वेळ घालवतात रे नुसता. ह्यांचा सिलॅबस पूर्ण कसा होतो, देव जाणे."

फेब्रुवारीत मिसेस हॉलोवेंच्या नात्यात कुणीतरी गेलं आणि त्या दोन दिवस रजेवर गेल्या. बदली बाई मागच्या खुर्चीत फोनमध्ये डोकं घालून बसल्या, आणि वर्ग पहिल्यांदाच पुरता यामिनीच्या हाती आला. तिने पाच पुरावे फळ्यावर लिहिले. तिसऱ्या पुराव्यापर्यंत निम्मा वर्ग जांभया देत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या हॅनाने हात वर केला. हॅना शांत, नीटनेटकी, वडील चर्चमध्ये तरुण मुलांचे धर्मशिक्षक. तिने विचारलं, "मिस, तुम्ही स्वतः हे मानता का? आणि मग तुमच्या देवाचं काय?"

ह्या प्रश्नाचं काय करायचं ते मिसेस हॉलोवेंनी शिकवलं होतं. मानण्या-न मानण्यात शिरायचं नाही, आपल्याला काय दिसतं ते बघू या, असं म्हणून चित्रांकडे वळायचं. पण यामिनीला वाटलं, पोरगी घाबरली आहे, तिला धीर द्यावा. आणि जांभया देणारा वर्ग तिच्याकडे बघायला लागला होता, हेही होतंच.

"आमच्याकडे भांडणच नाही," ती म्हणाली. "आमच्या धर्माने हे हजारो वर्षांपूर्वीच सांगितलंय." आणि तिने खडू उचलावा तसा मार्कर उचलला.

मासा काढला. कासव काढलं. वराह काढला तेव्हा कुणीतरी "कूल!" म्हणालं. नरसिंहाला तर टाळ्या पडल्या. वर्ध्यानंतर पहिल्यांदाच एक अख्खा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता. घंटा झाली तरी पोरं उठेनात. हॅना सगळं वहीत उतरवून घेत होती. घरी येताना गाडीत यामिनी मोठमोठ्याने गात होती.

रात्री जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा आरोहीचा घास हातातच राहिला. ती दुसऱ्या शाळेत अकरावीला होती.

"आई, तू क्लासमध्ये दशावतार सांगितलेस? ओ माय गॉड. ते अलाउड नाहीये!"

"अगं, धर्म नाही शिकवला मी. उत्क्रांतीच सांगितली, फक्त आपल्या पद्धतीने."

"आई, दॅट्स नॉट इव्होल्यूशन. इट्स अ लिस्ट. माशाचं कासव होत नाही त्यात. सेम देव येतो ना प्रत्येक वेळी, नवीन कॉश्च्यूम घालून?"

देवदत्त हसला. यामिनीला राग आला, आणि राग आला की ती जसं करायची तसंच तिने केलं, म्हणजे उठून भांडी घासायला घेतली.

पुढच्या आठवड्यात घटकचाचणी झाली. पेपर तपासायचं काम यामिनीकडे होतं. प्रश्न चौथा: सगळ्या सजीवांचे पूर्वज एकच होते, ह्याला आधार देणारे दोन पुरावे लिहा. पहिल्याच पेपरात लिहिलं होतं, 'एक, जीवाश्म. दोन, विष्णू आधी मासा झाला.' तिला वाटलं, कुणी टवाळी केली आहे. दुसऱ्या पेपरातही विष्णू होता. पाचव्यात नरसिंहाची आकृती होती, नावं दिलेली, पेन्सिलने. अठ्ठावीसपैकी अकरा पोरांनी पुरावा म्हणून दशावतार लिहिले होते. आणि हॅनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'उत्क्रांती हा भारतातल्या लोकांचा धर्म आहे. मी त्याचा आदर करते. माझा धर्म वेगळा आहे.'

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. पण ते अकरा पेपर समोर घेऊन बसलेल्या यामिनीला हसू येणं शक्य नव्हतं. तिने लाल पेन उचललं आणि ठेवून दिलं. चूक म्हणून खूण कुणाला करायची? पोरांनी बाईंनी सांगितलं तेच तर लिहिलं होतं.

हॅनाच्या वडिलांचं पत्र मुख्याध्यापकांकडे आलं ते अगदी सभ्य होतं. त्यात एवढंच विचारलं होतं, की ह्या वर्गात जर एक धर्म शिकवता येत असेल, तर आमच्या धर्माचा तास कधी आहे?

पत्र मिसेस हॉलोवेंपर्यंत पोचलं. त्यांनी सगळे पेपर वाचले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी ह्या मुलांना सांगत आलेय की हा मानण्याचा प्रश्न नाही. त्यांचे आईवडील माझ्या चर्चमध्ये माझ्या शेजारी उभं राहून गातात, तरी मी हे सांगत आलेय. सोपं नव्हतं, यामिनी."

यामिनीने पेपरांचा गठ्ठा उगाच सारखा केला. सॉरी म्हणायचं तेही तिला नीट म्हणता आलं नाही.

डॉ. एझेन्वांनी तिला ऑफिसात बोलावलं. "तक्रारीचं मी बघते," त्या म्हणाल्या. "धर्म शिकवायचा तुझा हेतू नव्हता, ते मी लिहून देईन. मला काळजी वेगळीच आहे. लागोसला मीही हे सगळं पाठ करूनच वर आले. मला पैकीच्या पैकी मिळायचे, आणि मला काहीही कळलेलं नव्हतं. ते कळायला मला इथे फार वर्षं लागली आणि फार अपमान सोसावे लागले. तू हाच धडा पुन्हा घे. पुढच्या गुरुवारी. मी मागे बसेन. त्यावरून ठरवू."

म्हणजे शिक्षकाचा परवाना त्या एका तासावर होता. हे तिला कळलं, आणि कधी केली नव्हती अशी तयारी तिने केली. देवमाशाची चित्रं जमवली, थर रंगवले, मिसेस हॉलोवेंचे प्रश्न वहीत उतरवून पाठ केले. आरोहीपुढे उभं राहून तालीमही केली. आरोही ऐकून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, "पण हाऊ डू वी नो, आई?" यामिनी उत्तर द्यायची. आरोही म्हणायची, "नो, ते तर तू परत तेच सांगितलंस." तिसऱ्या वेळेला यामिनी खेकसली, "तुला समजत नसेल तर गप्प बस." पोरगी उठून आपल्या खोलीत गेली. खरं म्हणजे त्या क्षणी यामिनी घाबरली होती, कारण पाठ केलेल्याच्या पलीकडे आपल्याकडे काहीच नाही हे तिला जाणवलं होतं. पण गुरुवार चार दिवसांवर होता, आणि अशा वेळी माणूस जे येतं तेच करतो. तिने वही पुन्हा पहिल्यापासून पाठ केली.

गुरुवारचा तास बरा चालला होता. थरांची चित्रं वाटली. "कुठे खणाल?" असं विचारलंही, पण पोरं विचार करत थांबली तेवढी शांतता तिला सोसेना, आणि पाचव्या सेकंदाला तिने उत्तर सांगून टाकलं. मागच्या रांगेत डॉ. एझेन्वांनी वहीत काही लिहिलं. यामिनी घाईघाईने पुढे गेली. हाडं, भ्रूण, बेटांवरचे पक्षी, सगळं बिनचूक. दशावतारांबद्दल ती म्हणाली, "मागे मी जे सांगितलं ते पुरावा नाही. ते खोडून टाका." पोरांनी खोडलं.

हॅनाने हात वर केला. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, हे सांगायला हवं. पोरगी खरोखर गोंधळली होती.

"मिस, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात तुमच्या देवांवरून कळतं. आज म्हणता हाडांवरून कळतं. दोन्ही वेळा तुम्ही सारख्याच खात्रीने सांगितलंत. मग तुम्हाला नक्की कशावरून माहीत आहे?"

यामिनीने तोंड उघडलं. तिला पाच पुरावे आठवत होते, त्यांचा क्रम आठवत होता, वर्ध्यातल्या वहीच्या कुठल्या पानावर काय होतं तेही आठवत होतं. त्यांतल्या एकाचाही तिने आयुष्यात कधी स्वतः विचार केला नव्हता. असं नसतं तर काय दिसलं असतं, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तिला ते सांगण्यात आलं होतं आणि तिने ते मानलं होतं, मासा आणि कासव मानलं होतं तसंच.

"पुस्तकात आहे," ती म्हणाली.

हॅनाने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आमचंही पुस्तकात आहे, मिस."

कुणी हसलं नाही. मिसेस हॉलोवे उठल्या, हॅनाच्या बाकाजवळ येऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. चल, आपण सगळे मिळून बघू या." आणि तास त्यांनी पुरा केला. यामिनी फळ्याशेजारी उभी होती. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

परवान्यासाठी शिफारस झाली नाही. डॉ. एझेन्वांनी कागद पुढे सरकवताना तिचा हात धरला आणि म्हणाल्या, वर्षभराने पुन्हा अर्ज कर, मी असेन. त्या खरंच असत्या. पण यामिनीला आपलं काय झालंय ते आता ठाऊक होतं. परवान्याचं दुःख होतंच, पण वर्ध्याच्या तीन वर्षांत आपल्या हाताखालून साडेतीनशे पोरं गेली आणि त्यांतल्या एकालाही आपण काही शिकवलं नाही, हे कळल्याचं दुःख निराळं होतं. ती उत्तम शिक्षिका होती, असं तिला वीस-बावीस वर्षं वाटत आलं होतं. घर रिकामं झालं की ती त्या एका समजुतीवर जगत होती. आता तीही गेली. तिने ग्रंथालयातून पुस्तकं आणली. वाचायला लागली की ओळी आपोआप पाठ व्हायच्या आणि अर्थ बाहेर राहायचा. पंधरा दिवसांत तिने पुस्तकं परत केली. देवदत्त म्हणाला, "नेक्स्ट इयर बघू ना, यार, एवढं काय." तिने मान डोलावली.

ही बातमी गावातल्या मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. जगन्नाथकाका म्हणजे मंडळाचे संस्थापक, तेल कंपनीतून निवृत्त झालेले आणि मतांतून कधीच निवृत्त न होणारे. त्यांचा फोन आला. "यामिनी, त्या लोकांना काय कळणार आपलं! तू आमच्या मराठी शाळेत ये. रविवारी सकाळी. 'दशावतार आणि डार्विन.' चाळीस मिनिटं."

"नको काका. ते चुकीचं आहे."

"चुकीचं कसं? तुझ्यावर अन्याय झालाय, पोरी."

दोनदा तिने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, ते मनाशी एक ठरवून. जायचं आणि मुलांना खरं सांगायचं, की गोष्ट वेगळी आणि पुरावा वेगळा, आणि मला स्वतःलाच हे फार उशिरा कळलं. तिने तसं कागदावर लिहूनही काढलं.

मे महिन्यातला रविवार होता. भाड्याच्या सभागृहात चाळीसेक मुलं सतरंजीवर बसलेली, मागे खुर्च्यांवर आईबाप. काकांनी ओळख करून दिली, "आपल्या यामिनी मॅडम." मॅडम! ती उभी राहिली. समोर पांढरा फळा होता, मार्कर होता. कुजबुज थांबली आणि चाळीस चेहरे तिच्याकडे वळले. हातातला कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकला आणि फळ्यावर मासा काढला.

नरसिंहापर्यंत आली तेव्हा मुलं ओरडत होती. एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि काका माइकवर सांगत होते, की असे शिक्षक आपल्या मुलांना मिळायला भाग्य लागतं. त्यांनी तिला तिथेच पुढच्या रविवारचं विचारलं. कळवते, असं ती म्हणाली.

परत येताना गाडी आरोही चालवत होती. तिने नुकतंच लायसन्स काढलं होतं, त्यामुळे ती नजर रस्त्यावरून हलवत नव्हती. पहिल्या सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "आई, यू नो इट्स रॉंग, राइट?"

"हो."

"देन व्हाय?"

यामिनीला उत्तर माहीत होतं, आणि ह्या खेपेला ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. त्या चाळीस मिनिटांत ती सुखी होती. एकोणीस वर्षांत इतकी सुखी ती झाली नव्हती. पण हे लेकीला सांगायची तिला लाज वाटली. तिने फोन काढला आणि काकांना पुढच्या रविवारचा होकार कळवला.